भाच्याबरोबर हिंजवडीला

तुमच्या गावात एक तरी असे घर असेल की ज्या घरातला मुलगा पदवीचा कागद पेटीत ठेवून दोन वर्षे बसून आहे. शेतात उतरावे तर बाप म्हणतो, ‘‘एवढं शिकवलं ते काय दारं धरायला?’’ आणि नोकरी मागायला जावे तर तिथला साहेब विचारतो, ‘‘अनुभव किती?’’ नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. घाण्याच्या बैलासारखे पोर एकाच जागी फिरत राहते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी २०२४ च्या श्रावणात हेच चालले होते. एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज हलका, म्हणजे दाजी जवळपास असणार. म्हणाली, ‘‘पुण्याचा एक माणूस फोनवर म्हणतोय, मोठ्या कंपनीत आयटी सपोर्टची जागा आहे. अनुभव लागत नाही. ७५,००० भरायचे, पंधरा दिवसांत हुकूम हातात. मी पाटल्या गहाण टाकतेय. तू ह्यांना काही बोलू नकोस.’’

मी म्हटले, ‘‘आक्का, चार दिवस थांब. पोराला घेऊन मी पुण्याला जाऊन येतो. मग पाटल्यांचं बघू.’’

आता हे आयटी सपोर्ट म्हणजे काय, ते मला तरी कुठे धड ठाऊक होते? संगणकाचे काहीतरी, एवढेच. पण बैल घ्यायचा तर दावणीला जाऊन दात बघावे लागतात, ही आपली रीत. म्हणून निघालो.

शिरूरहून पहाटेची गाडी धरली. रांजणगावला गणपतीला बसल्या जागेवरूनच हात जोडले. शिक्रापूर, वाघोली मागे पडली आणि खराडीपाशी काचेच्या उंच इमारती दिसू लागल्या. भाचा खिडकीला नाक लावून बघत होता. एसटीचे शिवाजीनगरचे स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले आहे, हे तुमच्यापैकी जे बऱ्याच वर्षांत पुण्याला गेले नसतील त्यांनी ध्यानात ठेवावे. नाहीतर जुन्या जागी उतरण्याच्या नादात पिशव्या घेऊन रिक्षावाल्यांच्या तावडीत सापडाल.

आधी त्या फोनवाल्याचा पत्ता शोधला. एका दुकानावरच्या माडीत एक खोली. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नामांकित कंपन्यांच्या पाट्यांची रंगीत चित्रे. माणूस गोड बोलला, चहा मागवला. भाच्याला त्याने एकही प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट मला पहिल्यांदा खटकली. गडी ठेवताना आपणसुद्धा विचारतो, बाबा, औत धरता येते का? मी म्हटले, ‘‘पैसे कंपनीच्या खात्यात भरू का?’’ तर म्हणाला, ‘‘नको, माझ्याच नंबरवर टाका.’’ नमुन्याचा हुकूम दाखवला, त्यावर कंपनीचे नाव मोठे, पण खालचा ई-मेलचा पत्ता कोणालाही फुकट काढता येतो तसला. शेवटी म्हणाला, ‘‘मूळ मार्कशीट इथंच ठेवून जा.’’ मी भाच्याच्या हातातली पिशवी माझ्याकडे घेतली आणि आम्ही जिना उतरलो.

भाच्याचा चेहरा पडला होता. त्याला वाटले, मामाने दार बंद केले. त्याच तोंडाने घरी जाऊ नये म्हणून मी म्हटले, ‘‘चल, जिथं नोकरी आहे म्हणतात ते गाव तरी बघू.’’

मनपाच्या थांब्यावरून हिंजवडीची बस मिळते. औंध, वाकड करीत दीड तास लागला. शेवटचे दोन-तीन मैल तर बैलगाडीसुद्धा पुढे गेली असती. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांना मोटारी, आणि त्यांतून वाट काढणारी दुचाक्यांवरची पोरे, पाठीवर पिशव्या अडकवलेली.

हिंजवडी हे मुळात मुळशी तालुक्यातले तुमच्या-माझ्या गावासारखेच गाव. म्हातोबा हे ग्रामदैवत, हनुमान जयंतीला हिंजवडी-वाकडचे बगाड निघते, ते आजही निघते. १९९० नंतरच्या दशकात सरकारच्या औद्योगिक महामंडळाने इथे आणि शेजारच्या माणच्या शिवारात जमीन घेऊन राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसवले. पुढे त्याचे एक-दोन-तीन असे टप्पे झाले. लोक त्यांना फेज म्हणतात. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशी नावे वाचत आपण पुढे जातो. मध्येच एखादा राहिलेला शेताचा तुकडा दिसतो, त्यात मेथी नाहीतर कडवळ, आणि त्यामागे दहा मजली काच. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कित्येकांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, खाणावळी घातल्या, गाड्या लावल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थाशी पारावर बोलणे झाले. मी विचारले, ‘‘इथं पूर्वी काय पिकायचं?’’ तर म्हणाले, ‘‘भात, अन् थोडा ऊस. आता पोरं पिकत्यात.’’

आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा तिथे चार वर्षे नोकरीला आहे. आत आम्हाला कोण सोडणार? फाटकावर पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कोणालाच सोडत नाहीत. तोच जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला आणि टपरीवर तीन कटिंग सांगून आमच्याजवळ बसला. त्या अर्ध्या तासात त्याने जे सांगितले ते मी तुमच्यापुढे ठेवतो, कारण ७५,००० रुपये त्या अर्ध्या तासाने वाचवले.

तो म्हणाला, मोठ्या कंपनीत हजारो माणसे संगणकावर काम करतात. त्यांतल्या कोणाचा संगणक सुरू होत नाही, कोणाचा पासवर्ड हरवतो, कोणाचा प्रिंटर कागद गिळतो, कोणाचे नेट बंद पडते. अशा वेळी तो माणूस एका ठरलेल्या नंबरवर फोन करतो. तो फोन घेणारा म्हणजे हेल्पडेस्क, आयटी सपोर्टची पहिली पायरी. प्रत्येक तक्रारीला एक नंबर पडतो, त्याला तिकीट म्हणतात. तक्रार कधी आली, काय केले, कधी मिटली, सगळे लिहायचे. ठरलेल्या वेळात मिटली नाही तर वरच्या पायरीच्या माणसाकडे द्यायची. दुसरा प्रकार हातातल्या कामाचा. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जागेवर जायचे, रॅम बदलायची, नवा संगणक मांडून द्यायचा, केबल ओढायची. तो स्वतः हे दुसरे काम करतो. नाव डेस्कटॉप इंजिनिअर, शिक्षण मात्र दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ हा संगणक चालवण्याचा कोर्स.

भाच्याने विचारले, ‘‘पण सगळं यायला लागत असेल ना?’’

तो हसला. ‘‘सगळं कोणालाच येत नाही. तुमच्या विहिरीवरची मोटर पाणी फेकत नाही, तेव्हा काय करता?’’

भाचा म्हणाला, ‘‘आधी लाइट बघायची. तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, स्टार्टर. मोटर फिरतीय पण पाणी येत नाही, तर फुटव्हॉल्व्ह. हवा धरली असंल.’’

‘‘अन् पहिल्याच झटक्याला मोटर खोलून बसता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं. नेट बंद म्हणून फोन आला की आम्हीपण तसंच एका टोकापासून निघतो. तुमचं एकट्याचंच बंद की शेजारच्याचंपण? केबल नीट बसलीय का? काल काय बदललं? मग संगणकाला पत्ता मिळालाय का ते बघायचं. तो १६९.२५४ नं सुरू होत असला तर समजायचं, पत्ता वाटणाऱ्या यंत्रापर्यंत हाक पोचलेली नाही, म्हणून संगणकानं स्वतःच एक आकडा लावून घेतलाय. मग त्या वाटेवर दोष शोधायचा.’’

मला ते आकडे काही कळले नाहीत, पण रीत कळली. पाटाला पाणी येत नाही तेव्हा चारीपासून वर चालत जाणारा पाटकरी मला दिसला.

मग त्याने विचारले, ‘‘तू आत्तापर्यंत काय काम केलंस?’’ भाचा म्हणाला, ‘‘काहीच नाही.’’ मी मध्येच म्हटले, ‘‘काहीच नाही कसं? दोन वर्षं डेअरीवर सकाळ-संध्याकाळ बसतोस की.’’ गावच्या दूध संकलन केंद्रावर हा पोरगा फॅट मशीन आणि त्याला जोडलेला संगणक सांभाळत असे. मशीन अडकले, पावती छापायचा प्रिंटर बंद पडला, वजनकाट्याचा आकडा संगणकात उतरेना, की हाच केबली हलवून, बंद-चालू करून, कधी डीलरला फोन लावून ते मार्गी लावायचा. आणि तोवर रांगेतल्या पन्नास-साठ माणसांना शांत ठेवायचा. दूध नासायची धास्ती असलेला माणूस काय भाषेत बोलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या मुलाने कप खाली ठेवला. ‘‘अरे, हेच लिही की अर्जात! चिडलेल्या माणसाशी धीरानं बोलून, दोष शोधून, वेळेत काम चालू करून देणं, ह्यालाच आम्ही सपोर्ट म्हणतो. तू ह्याला अनुभव म्हणत नाहीस, कारण तो गावात झाला.’’

बसमध्ये चढताना दिसलेला तो भाचा आणि हा भाचा, यांत मला फरक वाटला. पण त्या मुलाने गोड घास भरवून सोडले नाही, हेही लिहिले पाहिजे. म्हणाला, पहिली नोकरी बहुतेक करारावरची मिळते. काम मोठ्या कंपनीच्या इमारतीत, पगार मात्र मधल्या ठेकेदार कंपनीचा. पगार थोडा. प्रॉव्हिडंट फंड कापतात का ते विचारून घे, मूळ कागद कोणाकडे ठेवू नकोस, दोन वर्षे सोडणार नाही असे लिहून घेत असतील तर वाचल्याशिवाय सही करू नकोस. अमेरिकेचे काम असेल तर रात्रपाळी. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. पासवर्ड बदलून देण्यासारखी सोपी कामे आता यंत्रेच करू लागली आहेत, तेव्हा नुसत्या फोनवर विसंबू नकोस, हातातले कामही शीक. आणि इंग्रजी. फाडफाड नको, पण समोरच्याचे ऐकून त्याला दोन सरळ वाक्यांत उत्तर देता आले पाहिजे.

पैशाबद्दल त्याचे म्हणणे असे की शिकण्यासाठी फी भरावी लागते ती भर, नोकरीसाठी मात्र एक रुपया देऊ नकोस. खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. कोणी फसलाच तर १९३० या सरकारी नंबरवर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

रात्र भाच्याच्या एका मित्राच्या खोलीवर काढली. एका खोलीत पाच जण, भिंतीला टेकवलेल्या पाच गाद्या. पाचांतला एक रात्रपाळीचा, म्हणून दिवसा त्याची गादी कोणी उचलायची नाही, असा तिथला नियम. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शिरलो. इथे इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने इतकी दाटीची, की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला पायरीवर चढावे लागते. भाच्याने केबलच्या टोकाला खुंटी बसवायचा चिमटा, थोडी केबल आणि मूठभर खुंट्या घेतल्या. ह्या केबलीत आठ तारा असतात. त्यांचा क्रम गाडीत बसल्या बसल्या तो पुटपुटत होता, तो ऐकून ऐकून मलाही पाठ झाला आहे: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. शेजारच्या बाईंना वाटले, पोरगा जप करतोय.

घरी आल्यावर दाजींना सगळे सांगावेच लागले. पाटल्यांचेही. ते आक्काला काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत.

पुढचे महिने सांगण्यासारखे फारसे नाहीत, कारण ते नुसत्या कामाचे होते. भाच्याने शिरूरला संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात महिना ५,००० वर काम धरले. आक्काला ते रुचले नाही. पदवीधराने दुकानात धूळ झाडायची, हे तिला गावात सांगायला जड जाई. पण त्या दुकानात शाळांचे, पतपेढ्यांचे, सेतू केंद्रांचे बिघडलेले संगणक यायचे. महागडी इमारत बघून जे कळले नसते ते त्याला त्या धुळीत कळले. रॅम काढून तिची टोके खोडरबराने पुसून परत बसवली की कित्येकदा मेलेला संगणक उठतो, हे त्याने मला एकदा दाखवले. एक वही घातली. तारीख, तक्रार, काय तपासले, कशाने सुटले. एक ओळ असायचीच, ‘काय चुकलो’. रात्री मोबाइलवर शिकायचा. सिस्को आणि मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांचे बरेच धडे फुकट आहेत, गूगलचा आयटी सपोर्टचा कोर्स २०१८ पासून चालू आहे. कॉम्प-टिया ए-प्लस नावाची एक परीक्षा जगभर मानतात, तिचे दोन पेपर असतात, पण फी डॉलरच्या हिशेबाची. ती त्याने पुढे ढकलली. माझ्या मते बरे केले. ज्याच्या हातात अजून काम नाही त्याने आधी कागदावर पैसा घालू नये. आणखी एक वाट आहे, ती त्याला उशिरा कळली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कंपन्या विद्यावेतन देऊन शिकाऊ उमेदवार घेतात. त्याची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. पुढे नोकरीची हमी नसते, पण अनुभवाचा कागद खरा असतो. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी आयटीआयला असेल तर तिथल्या सरांना विचारा.

मुलगी म्हटले ते उगाच नाही. त्या टपरीवर आमच्या शेजारच्या बाकावर सांगोल्याकडची एक मुलगी बसली होती, हेल्पडेस्कवर काम करणारी. आमचे बोलणे ऐकून म्हणाली, ‘‘मी बी.ए. मराठी आहे. मला घेतलं ते माझ्या बोलण्यावरून. बाकीचं त्यांनी शिकवलं.’’ रात्री घरी सोडायला कंपनीची गाडी असते, हेही तिने आवर्जून सांगितले, बहुधा माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न वाचून.

भाच्याच्या पहिल्या दोन मुलाखती गेल्या. पहिलीत इंग्रजीने दगा दिला. दुसरीत त्याला जे येत नव्हते ते येते म्हणून सांगितले आणि पुढच्याच प्रश्नाला पकडला गेला. तिसऱ्या वेळी, २०२५ च्या जूनमध्ये, त्याला विचारले, ‘‘एक मोठे साहेब चिडून फोन करतात, दहा मिनिटांत त्यांची बैठक आहे, लॅपटॉपवर आवाज येत नाही. काय कराल?’’ तो म्हणाला, ‘‘आधी त्यांना दुसरा लॅपटॉप देऊन बैठक चालू करून देईन. मग बिघडलेला बघेन.’’ असे का, विचारल्यावर त्याने डेअरीची गोष्ट सांगितली. मशीन बंद पडले की तो आधी हातकाट्यावर दूध घेऊन रांग मोकळी करी, दुरुस्ती मागून. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या म्हणे. आठवड्याने बोलावणे आले.

पगार हातात १४,५०० येतो. गादीचे आणि खाणावळीचे मिळून निम्म्याच्या आसपास जातात. दिवाळीला आला तेव्हा वाळला होता. आक्काने त्याच्याकडे बघितले आणि चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेअरीवर गेला. आता तिथे आमच्या वाडीतली एक मुलगी बसते. तिला त्याने प्रिंटरची केबल बदलून दिली आणि स्वतःची जुनी वही देऊन आला.

करार येत्या जूनला संपतो. पुढे वाढवतील की नाही, त्याला अजून कळवलेले नाही. गेल्या रविवारी रात्री त्याचा फोन आला होता, मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. म्हणाला, ‘‘मामा, थोडे साठलेत. आता त्या परीक्षेचा एक पेपर देऊ का, की दाजींना ठिबकच्या नळ्या घ्यायच्यात त्याला पाठवू?’’ आपल्या बापाला तो माझे ऐकून ऐकून लहानपणापासून दाजीच म्हणतो. मी म्हटले, ‘‘हे त्यांनाच विचार.’’ तो म्हणाला, ‘‘विचारलं. ते म्हणाले, मामाला विचार.’’

येत्या शनिवारी मी आक्काकडे जाणार आहे. नळ्यांचा भाव काढून ठेवला आहे.